वाचकांचे प्रश्न: कुपी उघडली तर आत काहीच नाही!

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगी धारवाडला एमएस्सी करायलीय, परवा फोनवर म्हणाली लॅबमध्ये माणसाचं पीडी-वन प्रोटीन आलंय, म्हणजे ते कुणाच्या रक्तातून काढतात काय? माझ्या भावाला कॅन्सर आहे, इम्युनोथेरपीचं बोलताना डॉक्टरांनीपण हेच नाव घेतलं होतं. ते आम्हाला मिळेल का?
– एक वडील, खानापूर तालुका

उत्तर: दादा, आधी भावाचं बोलते. ती कुपी औषध नव्हे, तिच्यावर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं आणि ते अक्षरशः खरं धरायचं, ती कुणाच्या अंगात टोचायची नाही. पीडी-वन म्हणजे आपल्या टी-पेशींवरचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचा ब्रेक, क्योटोच्या तासुकू होन्जो यांच्या लॅबनं 1992 मध्ये शोधलेला, 2018 चं नोबेल त्यांना आणि जेम्स ॲलिसन यांना मिळालं. कॅन्सरच्या काही गाठी हा ब्रेक दाबून धरतात मग टी-पेशी गप्प बसतात, आणि निवोलुमॅबसारखी औषधं पीडी-वनला चिकटून तो दाबूच देत नाहीत. डॉक्टर बोलले ते या औषधांबद्दल. भावाला ते लागू पडेल का हे गाठीच्या तपासणीवरून तेच सांगतील, संकोच न करता विचारा.

आता रक्ताचं. रक्त लागतच नाही. माणसाचा तो जीन पेशींत घालतात, बरेचदा एचईके 293 नावाच्या माणसाच्याच पेशींत, ज्या 1973 पासून लॅबमध्ये वाढताहेत, आणि त्या पेशी प्रोटीन बनवून भोवतीच्या पाण्यात सोडतात. पण अख्खा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं ते पूर्ण प्रोटीन, नाही हं. तुमच्याकडं ऊस तोडतात तेव्हा बुडखा रानातच राहतो की, तसं पेशीच्या पडद्यात रुतलेला आणि आतला भाग सोडून फक्त बाहेर डोकावणारा तुकडा घेतात, प्रोटीनच्या साखळीतल्या 288 अमिनो आम्लांच्या मण्यांपैकी साधारण 25 ते 167. त्याला हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाची सहा मण्यांची शेपटी जोडलेली असते, ती निकेलला धरते, म्हणून निकेलच्या कॉलममधून पाणी सोडलं की प्रोटीन अडकतं आणि बाकीचं बरंचसं वाहून जातं.

प्रश्न: ताई, मी बेळगावात पीएचडी करतेय. 50 मायक्रोग्रॅम पीडी-वन मागवलं, कुपी उघडली तर आत काहीच दिसेना. बफर (क्षारांचं द्रावण) घालून, वजनानुसार प्रोटीन वेगळं करणाऱ्या जेलवर चालवलं तर पट्टी 35 किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं माप) आसपास, कागदावर मात्र 17. फसवलं का?
– एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर: नाही गं, मला तरी फसवणूक वाटत नाही. 50 मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाच्या एका कणाएवढंच, ते सुकून काचेला पातळ थर होऊन बसतं, कधी टोपणालापण चिकटतं. म्हणून उघडायच्या आधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचीच. पत्रकात 0.1 मिलिग्रॅम प्रति मिली लिहिलं असेल तर 500 मायक्रोलिटर घाल, दहा-पंधरा मिनिटं शांत ठेव, व्हॉर्टेक्सवर, म्हणजे जोरात हलवणाऱ्या यंत्रावर, अजिबात धरू नको.

पट्टीचं कारण साखर. 17 हा आकडा नुसत्या अमिनो आम्लांच्या साखळीचा, पण पीडी-वनवर चार ठिकाणी साखरेच्या फांद्या लागतात, माणसाच्या पेशीत बनवलं की त्या येतातच आणि सगळ्या रेणूंवर सारख्या नसतात म्हणून पट्टी जाड, पसरट दिसते. ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेलं असतं तर या फांद्या नसत्या. खात्री हवी तर थोड्या प्रोटीनवरची साखर पीएनगेज एफ एन्झाइमनं कापून शेजारच्या खान्यात चालव, पट्टी खाली उतरली की झालं. तरी ते काम करतंय का हे जेल सांगत नाही, त्यासाठी प्लेटवर पीडी-एल-वन, म्हणजे पीडी-वनचा ब्रेक दाबणारं जोडीदार प्रोटीन, लावून एलायझा (दोघं चिकटतात का हे दाखवणारी चाचणी) कर.

आणि उरलेलं आजच छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे 80 ला टाक. माझी एक अख्खी कुपी घरगुती टाइपच्या ऑटो-डिफ्रॉस्ट फ्रीजरमध्ये गेली, त्यात रविवारी लाईट गेली, गोठणं-वितळणं होऊन प्रोटीनच्या गुठळ्या झाल्या, तीन महिन्यांचं काम परत करावं लागलं. ट्यूबवर तारीख लिही, आणि एकदा काढलेली परत आत ठेवू नको.