तीस टक्क्यांच्या दाखल्याविरुद्ध अपील

प्रश्न: माझ्या 27 वर्षांच्या मुलाला सात वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. सिव्हिलमध्ये हाडांच्या डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारून 30 टक्के दिव्यांगत्व लिहिलं. 40 टक्के नाहीत म्हणून तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नामंजूर झाला. खासगी डॉक्टरांचा दाखला आणू का?

उत्तर: ताई, खासगी दाखल्यामागे धावू नका, तो इथे चालणार नाही. तुमच्या हातात त्याहून मजबूत मुद्दा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 57 प्रमाणे दाखला देणारा अधिकारी आवश्यक पात्रता आणि अनुभव असलेलाच हवा. नुसती डॉक्टरकी पुरत नाही. मानसिक आजार असेल तर दाखल्यासाठी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डात मनोविकारतज्ज्ञ लागतो, आणि मोजमाप 'आयडियाज' या मापनपट्टीवर होतं. स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, संवाद व समज आणि काम या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण (अडचण जास्त, तर गुण जास्त), त्यात आजाराच्या कालावधीचे गुण. वीसपैकी 7 झाले की 40 टक्क्यांची पायरी येते.

म्हणून अपिलात 'माझा मुलगा जास्त आजारी आहे' यावर भर देऊ नका. मनोविकारतज्ज्ञ नव्हता आणि गुणपत्रक भरलं गेलं नाही, हे लिहा. पात्र बोर्डाकडून फेरतपासणी मागा. अपिलाचा हक्क कलम 59 देतं. त्याला मुदत असते, तेव्हा याच आठवड्यात दाखल करा. सोबत माहिती अधिकारात बोर्डातल्या सदस्यांची नावं, त्यांची पदव्युत्तर पदवी आणि गुणपत्रकाची प्रत मागा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, अपील त्यासाठी थांबवू नका.

फेरतपासणीबद्दल मात्र मला मनापासून सांगायचंय. 'आंघोळ करतो का?' असं विचारलं की आई 'हो' म्हणते. चारदा ओरडल्यावर, पाणी काढून दिल्यावर करतो, हे सांगायचं राहून जातं, आणि तिथेच गुण जातात. लाज म्हणून, मुलाची बाजू घ्यायची म्हणून आयांना हे बोलवत नाही, हे मी समजू शकतो. पण तिथे खरं तेवढं सगळं सांगा: रात्री तो किती जागतो, औषध कोण देतं, नोकरी कधी आणि का सुटली. फुगवून मात्र एक शब्दही नको. फसवणुकीनं लाभ घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांचे जुने कागद, भरतीची डिस्चार्ज कार्डं तारखेवार लावून न्या. कागद मिळत नसतील तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 25 प्रमाणे आपली वैद्यकीय नोंद मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. मुलगा सज्ञान आहे, तेव्हा त्या अर्जावर आणि अपिलावर सही त्याचीच घ्या, आणि सही करण्याआधी त्याला नीट वाचून दाखवा.