लक्ष्मी रस्त्यावर बस्ता बांधायला निघालेल्या पोरीस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

भावाच्या लग्नाचा बस्ता यंदा तुझ्या गळ्यात पडलाय, तर पुण्याला येण्याआधी एवढं वाचून घे. लक्ष्मी रस्त्यावर माणसं भावात फसतात त्याहून जास्त क्रमात फसतात. आधी तुळशीबागेत शिरतात, टिकल्या-बांगड्यांत दोन तास घालवतात आणि शालू बघायला बसतात तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले, दुकान तुडुंब आणि डोळे दमलेले. तू उलटं कर. ज्याला पुढे शिवण आहे ते आधी, जे जड आहे ते सगळ्यात शेवटी.

तारीख लग्नाच्या दीड महिना आधीची धर. दिवाळीआधीचे रविवार टाळ. गणपतीत तर नावच काढू नकोस, विसर्जन मिरवणुकीचा मुख्य मार्ग हाच आहे. मधला वार बघून दुकानं उघडताना पोच. काही जुनी दुकानं अजून दुपारची विश्रांती घेतात, साप्ताहिक सुट्टीही प्रत्येकाची वेगळी, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचार.

गाडी आणू नकोस. २०२४च्या सप्टेंबरअखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून मंडई स्टेशनला उतरणं सगळ्यात सोयीचं. तिथून लक्ष्मी रस्त्यावरचा बेलबाग चौक चालत काही मिनिटांवर. रस्त्यावरची वाहतूक अलका चौकाच्या दिशेनं एकेरी आहे. रिक्षानं आलीस आणि दुकान मागे राहिलं तर रिक्षा वळत नाही. थोडं आधीच उतर आणि कुंटे चौक, उंबऱ्या गणपती, विजय टॉकीज असं चालत जा. गाडी आणावीच लागली तर मंडईजवळच्या वाहनतळात लाव. रस्त्याकडेला लावलीस तर खरेदीतला अर्धा जीव गाडीपाशीच राहील.

आता पैठणी. गादीवर बसताना तिघी-चौघींपेक्षा जास्त नकोत. मुलीची आई, आत्या आणि काकू तिघींची तीन मतं असली की सेल्समन पन्नास साड्या उलगडतो आणि एकही ठरत नाही. बसल्या बसल्या आकडा सांग, त्यात संकोच कसला. ‘बघू या’ म्हटलंस तर तो वरच्या किमतीपासून सुरुवात करतो, मग त्याखालचं काही डोळ्यांत भरत नाही.

आवडलेली साडी आधी उलटी कर. पारंपरिक हातमागाच्या पैठणीचे काठ आणि पदर धाग्यात धागा अडकवून विणतात, त्यामुळे पदरावरचा मोर किंवा मुनिया मागूनही जवळजवळ तितकाच स्वच्छ दिसतो. मागे सुटे, कापलेले किंवा लोंबते धागे दिसले तर ती सेमी, म्हणजे पैठणीसारखी दिसणारी स्वस्त साडी असेल, यंत्रमागाची असेल किंवा ब्रोकेड पद्धतीची, म्हणजे नक्षीचे जादा धागे मागून नेलेली असेल. सेमी घेण्यात काहीच कमीपणा नाही, मानाच्या साड्यांत उलट ती शहाणपणाची. फक्त पैसे सेमीचे दे. तीन प्रश्न सरळ विचार: हातमागाची का, रेशीम शुद्ध का, जर कुठली? ‘टेस्टेड जर’ म्हणजे चांदीची जर नव्हे, हे पक्कं लक्षात ठेव. सिल्क मार्कची चिठ्ठी रेशीम शुद्ध असल्याचं सांगते, ती हातानं विणल्याचं सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. बऱ्याच जणी पहिली चिठ्ठी बघून दुसऱ्या गोष्टीचे पैसे मोजून येतात.

रंग दुकानातल्या दिव्यांवर ठरवू नकोस. वांगी, राणी आणि वाइन हे तिन्ही रंग पिवळ्या उजेडात एकमेकांच्या जवळ येतात. पदर दाराशी नेऊन बघायला माग, कुणी नाही म्हणत नाही. मग साडी पूर्ण उलगड. घडीच्या रेषेवर बोट फिरव. बरेच दिवस एकाच घडीत पडून राहिलेल्या साडीची जर तिथेच मोडते आणि रंगही तिथेच उडतो. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, वर ब्लाऊजपीस ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास. ‘सव्वासहा मीटर’ हा आकडा ब्लाऊजसकट आहे की वेगळा, हे उंच मुलीसाठी घेताना विचारायलाच हवं. नऊवारी हवी असेल तर नेसायची की शिवून घ्यायची ते आधी ठरव, कारण शिवलेल्या नऊवारीला माप आणि वेळ दोन्ही लागतं.

पैसे देण्याआधी बदलीची अट विचार आणि ती बिलावर लिहून घे. फॉल लावला किंवा ब्लाऊजपीस कापला की बदली संपली, ही अट जवळपास सगळीकडे सापडेल. म्हणून घरी सगळ्यांना दाखवेपर्यंत फॉल-पिकोला देऊ नकोस.

फॉलचं एक बारीक काम आहे आणि घाईत तेच राहून जातं. सुती फॉल पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायचा. कोरा लावला की पहिल्या धुण्यात तो आटतो, साडी आटत नाही, आणि काठ गोळा होऊन निऱ्यांचा घेर वर चढतो. फॉल साधारण अडीच मीटरचा असतो; आतल्या टोकापासून वीतभर सोडून सुरुवात करायला सांग. रेशमी साडीला मशीनची शिलाई नको, हातशिलाईच हवी, दोरा काठाच्या रंगाचा. लग्नसराईत फॉल-पिकोवाल्याकडे रांग असते, तेव्हा तारीख लिहून घे आणि लग्नाच्या आदल्या आठवड्याची तर मुळीच स्वीकारू नकोस.

आहेराच्या साड्या एकाच दुकानात, एकाच किमतीच्या गठ्ठ्यातून घे. यादीपेक्षा दोन जास्त, ऐन वेळी एक आत्या निघतेच. नावाची चिठ्ठी साडीला टाचणीनं लावू नकोस, गंजाचा डाग जात नाही. चिठ्ठी पिशवीत टाक.

सोनं त्याच दिवशी घ्यायचं असेल तर ते जेवणाआधी उरकून टाक, दमल्यावर नको. दागिन्यावर तीन खुणा बघ: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, २२ कॅरेटला ९१६ हा आकडा आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३पासून नव्या हॉलमार्क दागिन्याची विक्री या क्रमांकाशिवाय करता येत नाही. क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून तिथल्या तिथे पडताळ. बिलात सोन्याचं वजन, खड्यांचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली हवीत. खडे सोन्याच्या भावानं तोलले जाणं ही जुनीच चलाखी आहे. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतं आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम दुकानदाराला रोख घेता येत नाही, म्हणून चेकबुक किंवा कार्ड जवळ ठेव. जुनं सोनं मोडायचं असेल तर घरून वजन करून ने आणि घट किती धरली ते आधी विचार.

तुळशीबाग आता, चारनंतर. रुखवताचं सामान, इमिटेशन दागिने, पूजेची उपकरणं, वाणाच्या वस्तू सगळं एकाच बोळात. बाहेरच्या स्टॉलवर घासाघीस चालते, आतल्या दुकानांत फारशी नाही. पहिल्या स्टॉलवर फक्त भाव विचारून पुढे जा, तिसऱ्यापर्यंत खरा भाव कळतो. तांब्या-पितळेची भांडी वजनावर घे, नगावर नको, आणि तोललेली तुझ्यासमोर. पितळेच्या पातेल्यात आमटी किंवा ताकाचं काही करायचं असेल तर आतून कल्हई हवीच, आंबट पदार्थ पितळेत कळकतो. बोळ अरुंद आहे, पर्स पोटाशी धर.

भांडी घेतलीस की मंडई स्टेशन मागेच आहे, सरळ खाली उतर. घरी गेल्यावर रात्री कितीही दमलीस तरी पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढ, धुतलेल्या मलमलीत गुंडाळ आणि डांबराच्या गोळ्या तिच्या अंगाला लागू देऊ नकोस, जर काळी पडते. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदल.

बाकी यादी पाठव, म्हणजे आकडा एकदा बघून देते.

तुझी,
मामी