'ऑड' दिसला की थांब

अगं, भाषांतरात इंग्रजी 'ऑड' (odd) आला की लगेच 'विचित्र' लिहून मोकळी होऊ नकोस. पेठेत गाडी लावताना पी-१, पी-२ च्या पाट्या बघतेस ना, सम-विषम तारखांच्या? त्यातलं विषम म्हणजेच 'ऑड', आणि विचित्रपेक्षा तो अर्थ जुना.

शब्द आला जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या बोलीतून. 'ओड्डी' म्हणजे टोक, त्यावरून त्रिकोण: खाली दोन कोपरे जोडीने, वर तिसरा एकटा. म्हणून बिनजोडीची संख्या. तिथे दोघांच्या वादात निर्णायक मत देणाऱ्या तिसऱ्या माणसाला 'ओड्डामाद्र' म्हणत. केवढी मानाची जागा! इंग्रजीत मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऑड' माणूस विक्षिप्त ठरला.

तेव्हा एकटा उरलेला मोजा 'बिनजोडीचा', 'ऑड जॉब्ज' किरकोळ कामं. 'फॉर्टी-ऑड'ला 'चाळिसेक' नको, त्यात अडतीसही खपतात. 'चाळीस आणि वर काही' लिही. माणसासाठी 'विक्षिप्त' जरा जड वाटतं. सदाशिव पेठेतल्या आजोबांना मी 'तऱ्हेवाईक' म्हणेन. 'चक्रम' भांडणाच्या संवादापुरता ठेव.