माणसाची मूल्यं त्याची स्वतःची असतात की समाजरचनेने घडवलेली?

मी हक्कसोडपत्रावर, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला वाटा भावासाठी सोडण्याच्या कागदावर, सही न केलेली बहीण आहे, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी तिथूनच देणार.

वडिलांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत भाऊ कागद तयार करून घेऊन आला. जमीन वाळवा तालुक्यातली, ओलिताखालची, उसाची. मी नाही म्हटल्यावर आत्या म्हणाली, "आम्ही कधी मागितलं का गं? आमच्या मनातसुद्धा आलं नाही." आत्या खोटं बोलत नव्हती. भावासाठी सोडणं हा आपला स्वभावच आहे, असं तिला मनापासून वाटतं. मग हा स्वभाव बहिणींच्याच वाट्याला कसा येतो? बहिणीच्या नावे हक्क सोडणारा भाऊ मी तरी पाहिलेला नाही. आत्याला माहेर हवं होतं. दिवाळीला चोळी-बांगडी, आणि नवऱ्याने टाकलंच तर टेकायला जागा. जमीन सोडली तरच ते माहेर राहणार होतं. हा व्यवहार होता, त्याला माया म्हणायचं हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी १९५६ पासून वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला (तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना), देशभर २००५ ला. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. तरी सातबाऱ्यावर बहिणींची नावं अजून मालकांच्या रकान्यात नाही, 'इतर हक्कात' सापडतात.

भाऊ म्हणतो, नोकरी लागली म्हणून तू बदललीस. खरंच आहे, पगार नसता तर मला नाही म्हणता आलं नसतं. पण तेवढाच पगार असलेल्या माझ्या मावसबहिणीने सही केली. म्हणजे थोडं तरी माझं स्वतःचं असणार. किती, ते मला मोजता येत नाही.

तुमच्यापुढे असा कागद असेल तर आधी सातबारा आणि फेरफार (नावात झालेल्या बदलांची नोंद) काढून बघा. वारस नोंदीची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या. जिला माहेराशिवाय कुणीच नाही तिने सही केली तर मी तिला नावं ठेवणार नाही, हेही सांगते. पण "तुझा वाटा लग्नात गेला" असं कुणी म्हणालं, तर भावाच्या शिक्षणाच्या आणि लग्नाच्या खर्चाचा हिशोब कागदावर मागा. माझ्या भावाने तो अजून दिलेला नाही.