तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं : स्नो व्हाइटचं सफरचंद कुठल्या झाडाचं?

प्रश्न : ताई, सलाम. मी नागपूरच्या सदर भागात आमच्या मंडळीत संडेस्कूल घेते, सात ते अकरा वर्षांचे पोट्टे आहेत. बायबलचा पाठ झाला की शेवटची दहा मिनिटं सिंड्रेला, स्नो व्हाइट असं काहीतरी सांगते, नाहीतर ते जागेवर बसतच नाहीत. आता आमच्या चर्चमधल्या एका वयस्क काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जादू, चेटकिणी हे चर्चमध्ये नको. आणि इकडे बहिणीनं व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला की स्नो व्हाइटचं सफरचंद म्हणजे आदाम-हव्वेनं खाल्लेलं एदेन बागेतलं फळ, सात बुटके म्हणजे चर्चचे बाप्तिस्मा वगैरे सात संस्कार, राजपुत्राचा किस म्हणजे येशूचं पुनरुत्थान. हे काकांना दाखवू का? का ओढूनताणून आहे?
– एक संडेस्कूल टीचर, सदर

उत्तर : सलाम. तो मेसेज काकांना अजिबात दाखवू नका, फजिती होईल. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात सफरचंद नाहीच, नुसतं फळ म्हटलंय. सात संस्कार मानतात ते कॅथलिक, आणि ही गोष्ट लिहून काढणारे जर्मनीचे ग्रिम बंधू वाढले रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाच्या घरात, म्हणजे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच मानणारे, ते कशाला बुटक्यांच्या टोपीत सात लपवतील! आणि किसचं तर विचारूच नका. ग्रिमच्या गोष्टीत किस नाहीये. नोकर काचेची शवपेटी उचलून नेत असतात, झुडपाला अडखळतात, हादरा बसतो आणि घशात अडकलेला तुकडा बाहेर पडतो, झालं. किस सगळ्यांच्या डोक्यात बसला तो १९३७ च्या डिस्नेच्या सिनेमातून. म्हणजे पुनरुत्थान काढायचंच असेल तर नोकरांना लागलेल्या ठेचेतून काढावं लागेल.

पण म्हणून या गोष्टींत ख्रिस्ती काहीच नाही असं नाही बरं का, फक्त ते लपवलेलं नाहीये, उघड्यावर आहे. ग्रिमच्या गोष्टींचा पहिला खंड १८१२ चा, शेवटची आवृत्ती १८५७ ची, मधल्या काळात धाकटा विल्हेल्म गोष्टींवर हात फिरवत राहिला आणि देवाचं नाव, प्रार्थना वाढत गेल्या. सिंड्रेलाची आई मरताना सांगते, भक्तिभावानं राहा, चांगली राहा, देव तुला मदत करेल. परी नाहीच तिथं, आईच्या कबरीवरच्या झाडातून कपडे मिळतात. मात्र त्याच गोष्टीच्या शेवटी कबुतरं सावत्र बहिणींचे डोळे फोडतात, आणि हे पहिल्या आवृत्तीत नव्हतं, मागून घातलं! शत्रूवर प्रीती करा म्हणणाऱ्या प्रभूचं त्यात मला तरी काही दिसत नाही. तिथं अर्थ काढायला जाऊ नका, सरळ सांगा की हे चुकलं.

खरी संडेस्कूलची गोष्ट हवी असेल तर डेन्मार्कच्या अँडरसनची स्नो क्वीन घ्या, १८४४ ची. सैतानाचा आरसा फुटतो, त्याचा एक कण काय नावाच्या मुलाच्या डोळ्यात जातो, एक काळजात, मग त्याला सगळं वाकडंच दिसायला लागतं. स्नो क्वीनच्या गाडीमागे ओढला जात असताना तो घाबरून प्रभूची प्रार्थना म्हणायला जातो आणि त्याला आठवतात फक्त पाढे! मी हे वाचून दाखवते तेव्हा पोरं आधी हसतात अन् मग एकदम गप्प होतात, कारण परीक्षेच्या दिवसांत त्यांचंही तेच होतं. पुढे त्याची मैत्रीण गर्डा त्याला शोधत बर्फात पोचते, ती प्रार्थना म्हणते तर तिच्या तोंडातून निघणाऱ्या वाफेचे भाला-ढाल घेतलेले देवदूत होतात. आपल्या नागपुरात डिसेंबरच्या सकाळी तोंडातून वाफ निघते ना, तेव्हा सांगा ही गोष्ट, समजवावी लागत नाही. कायचं काळीज वितळतं ते तिच्या रडण्यानं. शेवटी आजी बायबल उघडून बालकांसारखे व्हा हे वचन वाचते. अँडरसनचीच लिटल मर्मेड, म्हणजे छोटी जलपरी, मात्र मला अर्धवट पटते. राजपुत्राला मारून स्वतःचा जीव वाचवायचं सोडून ती हातातली सुरी समुद्रात फेकते तिथपर्यंत डोळ्यात पाणी येतं, पण नंतर तिला तीनशे वर्षं चांगली कामं करून अमर आत्मा कमवायचाय, आणि तारण देवाच्या कृपेनं मिळतं, कामांनी नाही, असं आपण पोरांना शिकवतो, तर हे सांगताना माझी जीभ अडखळते.

अजून एक, स्लीपिंग ब्युटी. ग्रिमच्या गोष्टीत आधी आलेले राजपुत्र काट्यांत अडकून मेले, आणि शेवटचा आला तेव्हा काट्यांची फुलं झाली, वाट आपोआप उघडली. तो काही जास्त शूर नव्हता हो, फक्त राजकन्येच्या झोपेच्या शापाची शंभर वर्षं त्या दिवशी भरली होती. काळाची पूर्णता झाली तेव्हा देवानं पुत्राला पाठवलं, असं बायबलमध्ये प्रेषित पौल गलतीकरांना लिहितो ना, ते मला या काट्यांवरून कळलं. ग्रिमच्या मनात पौल होता असं मी म्हणत नाहीये, गोष्टीचा आकार तसा आहे एवढंच.

काकांना म्हणा, चेटकीण शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही आहे, शौल राजा रात्री वेष बदलून एनदोरला तिच्याकडे गेला होता. आणि हॅन्सेल-ग्रेटेलमधली चेटकीण शेवटी भट्टीत जाते, ते ऐकून कुणाला चेटकीण व्हावंसं वाटत नाही. तरी ऐकलं नाही तर वाद नको, गोष्टी वर्ग सुटल्यावर कंपाउंडमध्ये सांगा, तिथं जास्तच पोरं जमतील.

प्रश्न : माझा नातू संडेस्कूलवरून आला आणि म्हणाला, आजी, चल रे भोपळ्यातला भोपळा म्हणजे योनाचा मासा ना? मी काय सांगू?
– एक आजी, जरीपटका

उत्तर : आजी, हसून हसून मेले मी. त्याला म्हणा भोपळा तो भोपळाच, पण विचारा की बायबलमधला योना माशाच्या पोटात का गेला आणि म्हातारी भोपळ्यात का बसली. तो देवापासून पळून चालला होता, ही लेकीकडून तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन परत चालली होती, फरक पोरगं स्वतःच सांगेल. आपलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे त्या हिस्लॉप साहेबांनी गोंडांच्या लिंगो या वीरपुरुषाची गाथा उतरवून घेतली होती, ते गेल्यावर १८६६ साली छापून आली. त्यात लिंगोला मारतात आणि तो अमृतानं परत जिवंत होतो. मिशनरी माणसाच्या हाती असली गोष्ट, पण ती छापली गेली गोंडांची म्हणूनच. तसाच भोपळाही म्हातारीचाच राहू द्या. आणि टुणुक टुणुक जोरात म्हणा, नातवाला तेच हवंय.