बायोलॉजी शिकल्यावर देवावरचा विश्वास जातो का? एका आई-लेकीची गोष्ट

वसईत समुपदेशन करताना ख्रिस्ती घरांतून एक प्रश्न सारखा येतो. आई विचारते, मुलगी सायन्सला गेली, मार्क छान आहेत, पण आता मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायचं म्हटलं की तोंड पाडते, आमचं कुठे चुकलं का? आणि मुलं एकटी आली की विचारतात, उत्क्रांती खरी मानली तर मी ख्रिस्ती राहिले का? मला मनापासून वाटतं की याचं बरंचसं उत्तर आपल्याच चर्चकडे केव्हापासून आहे, ते घरापर्यंत पोचत नाही एवढंच, म्हणून ही एक केस लिहितेय. दोघींची परवानगी घेतलीये आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी टीवायबीएस्सीला, म्हणजे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, बॉटनी घेऊन. आईची तक्रार अशी की रात्री झोपत नाही, जर्नल पूर्ण करत नाही, परीक्षेचं टेन्शन असणार. आईसमोर ती काही बोललीच नाही. आई बाहेर जाऊन बसली तेव्हा तिने बॅगेतून जर्नल काढून माझ्यासमोर उघडलं. एव्होल्युशनच्या युनिटची पानं होती, पट्टीने नीट मार्जिन मारलेली, वर तारीख, लाल पेनने हेडिंग, त्याखाली रेघ, आणि मग काहीच नाही, पुढचं पान पण तसंच, त्याच्या पुढचं पण. म्हणाली, "मॅडम, हे लिहिलं तर देवाशी खोटं वागतेय असं वाटतं आणि नाही लिहिलं तर स्वतःशी."

झालं असं होतं की प्रेअर ग्रुपमधल्या एका ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवले होते, पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे आणि डार्विन म्हणजे सैतानाचं काम वगैरे. आणि कॉलेजमधला एक मित्र रोज चिडवायचा, सायन्सची स्टुडंट असून मिस्साला कशी काय जातेस, बायबल म्हणजे परीकथा. गंमत बघा, दोघांचं म्हणणं एकच, की दोन्हीतलं एक निवड. ही पोरगी दर आठवड्याला कन्फेशनला, म्हणजे फादरांकडे पापांची कबुली द्यायला, जाऊन तेच सांगत होती, फादर मला शंका येते. आणि सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती, की आईला कळलं तर मी तिच्यासाठी परकी होईन.

आधी झोपेवर काम केलं आणि शंकेवर. तिच्या पॅरिशच्या फादरांना तिनेच जाऊन सरळ विचारलं, शंका येणं हे पाप आहे का, ते नाही म्हणाले आणि हे सारखं कन्फेशनमध्ये आणू नकोस असंही सांगितलं. त्यानंतर तिचा चेहरा बराच मोकळा झाला.

मग एका भेटीत आम्ही बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे, उत्पत्तीचे, पहिले दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचले. तिला म्हटलं, जर्नल तपासतात तसं तपास. ती बोट ठेवून वाचत गेली. पहिल्या अध्यायात वनस्पती तिसऱ्या दिवशी येतात आणि सूर्य चौथ्या दिवशी, बॉटनीवाली असल्यामुळे तिथेच थांबली. पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस शेवटी, दुसऱ्यात माणूस आधी, मग बाग, मग प्राणी. ती म्हणाली, "हे दोन्ही एकत्र ठेवणाऱ्यांना दिसलं नसेल का?" दिसलंच असणार ना. त्यांनी दोन्ही ठेवले याचा अर्थ त्यांना घटनांचं वेळापत्रक द्यायचंच नव्हतं. हे जग कोणाचं आहे, ते चांगलं आहे का, माणूस त्यात कोण आहे, हे सांगायचं होतं.

आणि हा काही सायन्सला घाबरून आज काढलेला अर्थ नाहीये. संत ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवर लिहितात तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडतो, सूर्य नसताना दिवस कसले? तेव्हा डार्विन नव्हता, दुर्बीण नव्हती. वर ते बजावतात की ख्रिस्ती माणूस बायबलचं नाव घेऊन आकाश-पृथ्वीबद्दल चुकीचं बोलायला लागला तर ऐकणारे हसतील, आणि मग पुनरुत्थानाबद्दल त्याचं कोण ऐकणार? तो सहा हजार वर्षांचा आकडाही बायबलात कुठे लिहिलेला नाही, वंशावळ्यांची बेरीज करून लोकांनी काढलेला आहे, आर्चबिशप अशर यांचा इ.स.पू. ४००४ हा हिशोब तर १६५० चा.

आईची भेट जास्त अवघड होती. त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. "मॅडम, माकडापासून माणूस झाला म्हटलं तर देवाने त्याच्या प्रतिमेत घडवलं त्याचं काय?" प्रश्न खरा आहे, त्याला हसण्यासारखं काही नाही. मी त्यांना सांगितलं की पोप बाराव्या पायस यांनी १९५० मध्येच लिहिलंय, मानवी शरीर आधीच्या सजीवांपासून आलं का याचा अभ्यास करायला हरकत नाही, आत्मा मात्र देव थेट देतो. जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये म्हटलं की उत्क्रांती आता नुसता अंदाज राहिलेली नाही. पोप फ्रान्सिस २०१४ मध्ये म्हणाले की देव म्हणजे जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे. त्यांच्या घरी कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, होता, त्यात परिच्छेद २८३ काढायला लावला. जगाच्या आणि माणसाच्या उगमाबद्दलच्या संशोधनाने आपलं ज्ञान समृद्ध झालंय असं तिथे स्वच्छ लिहिलंय. त्यांनी तो दोनदा वाचला.

मुलगी तेवढ्यात म्हणाली, "मग गॅलिलिओ?" मी म्हटलं, ते चुकलंच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्याबद्दल १६३३ मध्ये चर्चने त्याला शिक्षा केली आणि १९९२ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी चूक झाल्याचं मान्य केलं, फार उशीर झाला, हे लपवून मुलांचा विश्वास टिकत नाही, उलट जातो. पण तेवढीच गोष्ट सांगायची आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल हे मठात राहणारे ऑगस्टिनियन संन्यासी होते, वाटाण्यावरचे प्रयोग त्यांनी मठाच्या बागेत केले, हे नाही सांगायचं, असंही नको. बिग बँगची कल्पना मांडणारे लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. आईंनी विचारलं, "फादर होते?" हो, फादर होते. आणि १९५१ मध्ये पोपनीच त्या सिद्धांताकडे निर्मितीचा पुरावा म्हणून बोट दाखवलं तेव्हा लमेत्र यांना ते आवडलं नाही, कारण श्रद्धा एखाद्या सिद्धांतावर टेकवून ठेवली आणि उद्या सिद्धांत बदलला तर काय करणार? मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण पण हेच करतो, सायन्सला जे अजून सापडलं नाही तिथे देवाला बसवतो, आणि ते सापडलं की देवाची जागा गेली म्हणून रडतो.

पण खरं सांगू का, आईंना पोप-बिपनी नाही पटलं, पटलं ते घरच्या वाडीतल्या गोष्टीने. बोलता बोलता लेकीने विचारलं, "आई, आजोबा बियाण्याचा दुधी कसा राखतात?" आई म्हणाल्या, वेलावरचा सगळ्यात चांगला, सरळ, न किडलेला बघतात, त्याला दोरा बांधतात म्हणजे कोणी चुकून तोडू नये, तो वेलावरच सुकू देतात आणि त्याचंच बी पुढच्या वर्षी. लेक म्हणाली, "हेच तर आहे ते आई. आजोबा निवडतात म्हणून दुधी बदलत गेला, जंगलात ऊन, पाणी, किडे निवडतात, आणि ते लाखो वर्षं चालतं." डार्विनने उत्क्रांतीवरच्या १८५९ च्या ग्रंथाची सुरुवातही पाळीव कबुतरं आणि लागवडीच्या रोपांपासूनच केलीये, हे मी मध्येच घातलं.

आई थोडा वेळ गप्प बसल्या. मग, "आणि त्यात देव कुठे?"

मी त्यांनाच विचारलं, ऑक्टोबरात आगेऱ्याला, आपल्या सुगीच्या सणाला, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेता ना? पेरणी हवामान खात्याचा अंदाज बघून करता, बी निवडून घेता, खत मोजून टाकता, पाऊस कसा पडतो हे शाळेत शिकलात, मग लोंब्या कशाला नेता? "आभार मानायला," त्या म्हणाल्या, "आम्ही लावलं म्हणून ते आमचं थोडंच होतं." मी गप्प बसले, कारण मला जे सांगायचं होतं ते त्या स्वतःच बोलल्या होत्या. मुलगी आईकडे बघत होती.

नंतर मी तिला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह, बघून ये म्हटलं. ब्लॅटर स्विस जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू, होते. तिथेच बॉटनी शिकवणारे फादर सांतापाव मूळचे स्पेनचे, त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ मध्ये ग्रंथ काढला आणि पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे डायरेक्टर झाले. ती मैत्रिणीला घेऊन गेली आणि मला मोठा मेसेज आला, सुकवलेल्या रोपाच्या शीटवर कोपऱ्यात संग्राहक म्हणून फादरांचं नाव बघितलं म्हणून. जर्नल तिने त्याच आठवड्यात पूर्ण केलं.

सगळं मिटलं असं नाही हं. आई अजून "माकड" शब्द घरात चालवून घेत नाहीत आणि मला त्यात घाई नाही. मुलीचे पण दोन प्रश्न राहिलेत. आदाम एकच माणूस होता का, आणि उत्क्रांतीत एवढी उपासमार, एवढे मृत्यू आहेत तर जग चांगलं आहे असं देव कसं म्हणतो? दुसऱ्यावर मी तिच्याशी बोलते, कारण तिच्या आजीचं आजारपण त्यात मिसळलेलं आहे. पहिला माझ्या कामाचा नाही, त्यासाठी तिला बायबल शिकवणाऱ्या एका फादरांशी जोडून दिलंय, आणि या वेळी आईपण सोबत जाणार आहेत, त्यांनाही काही विचारायचंय म्हणाल्या.