चांदी शिकायची तर कॅटलॉगमधला भाव झाका आणि वर्णन वाचा

ताई, तुमचा प्रश्न असा की आजेसासूबाईंच्या पेटीतून पानाचा डबा, गुलाबदाणी आणि एक इंग्रजी वाटणारी चहाची किटली निघालीय, तर लिलावाचे जुने कॅटलॉग मागवून त्यावरून वय आणि किंमत कळेल का. कळेल, पण अर्धंच, आणि किंमत तर अगदी शेवटी. मी वीसेक वर्षं हे कॅटलॉग चाळतोय त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

माझी सुरुवातच फजितीने झाली. मी भुसावळचा, इथे रेल्वेचे जुने बंगले, अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून बाहेर गेली की त्यांचं सामान जुन्या बाजारात यायचं. तिथेच एकाकडून किटली घेतली, तळाला चार बारक्या ढाली आणि प्रत्येकीत जुन्या वळणाचं एकेक अक्षर. मला वाटलं हाच तो हॉलमार्क, चांदीच्या भावाने पैसे मोजले आणि मिरवत जळगावला सराफ्यात ओळखीच्या कारागिराकडे नेली. त्याने कसोटी काढलीच नाही. झाकणाच्या बिजागरीजवळ मुलामा उडून खालचा पिवळट धातू दिसत होता, तिथे नख टेकवलं आणि म्हणाला, "बापू, हाई चांदी नई शे." ती चार अक्षरं होती ई, पी, एन, एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर, आणि निकेल सिल्व्हर या नावात चांदी असली तरी धातूत चांदी औषधालासुद्धा नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने या मुलाम्याचं पेटंट १८४० मध्ये घेतलं, त्यानंतर असला माल ढिगाने निघाला. तुमच्या किटलीचं पहिलं काम हेच, भिंग घ्या आणि तळ बघा.

त्यानंतर मुंबईला फोर्टात फूटपाथवर क्रिस्टीज आणि सदबीज या लंडनच्या बड्या लिलाववाल्यांचे ऐंशीच्या दशकातले कॅटलॉग रद्दीच्या भावात मिळाले, तेव्हापासून नाद लागला. पहिलं वर्ष मी सगळ्यांसारखंच केलं, फोटो बघायचा, खालची किंमत बघायची आणि उसासा टाकायचा. त्याने काही येत नाही. मग उलटं सुरू केलं, पोस्टकार्डाने वर्णन आणि भाव दोन्ही झाकायचे, नुसता फोटो बघून वहीत मराठीत लिहायचं की वस्तू काय, कुठली, केव्हाची, कुठे दुरुस्त झालेली वाटते, आणि मग कार्ड सरकवायचं. पहिल्या शंभरात माझे पाच-सात बरोबर आले असतील, पण डोळा तयार झाला तो तिथेच.

इंग्लंडच्या मालाचं सोपं असतं कारण शिक्के बोलतात. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा नांगर (शेतातला नाही, जहाजाचा, आणि त्या गावाला समुद्रच नाही), शेफील्डचा १९७४ पर्यंत मुकुट. शिवाय वर्षाचं एक अक्षर. पण तेच अक्षर पुन्हा पुन्हा येतं, म्हणून अक्षराचं वळण आणि ढालीचा आकार जुळवावा लागतो. राजा-राणीचं मस्तक पाचवा शिक्का म्हणून असेल तर वस्तू बहुधा १७८४ ते १८९० मधली, कारण तेव्हा तो कर भरल्याचा शिक्का होता. कॅटलॉगमध्ये हे सगळं एका ओळीत कोंबलेलं असतं, ती ओळ सोडवत बसायची, शब्दकोड्यासारखी.

खरी गंमत पुढच्या बारक्या शब्दांत आहे. 'लेटर चेस्ड' लिहिलं की समजायचं मूळ भांडं साधं होतं, फुलापानांची नक्षी पुढच्या पिढीने हौसेने ठोकून घेतली, आणि त्यामुळे भाव वाढत नाही, पडतो. आपल्याकडे हे कोणाला पटतच नाही, नक्षी जास्त तेवढी वस्तू भारी असंच धरून चालतात. 'मार्क्स रब्ड' म्हणजे घासून घासून शिक्के पुसट. 'ग्रॉस वेट' म्हणजे लाकडी मूठबिठ धरून वजन. मेणबत्तीच्या स्टँडला 'लोडेड' लिहिलेलं असेल तर पोटात राळेसारखं काहीतरी भरलंय, त्याला काट्यावर टाकून चांदीचा हिशोब करू नका. 'अट्रिब्यूटेड टू' म्हणजे आमचा अंदाज आहे, हमी नाही. आणि जिथे नुसतं 'सर्का' येतं तिथे दोन-चार दशकं इकडेतिकडे धरून चाला.

वजनाचं एक सांगून ठेवतो कारण मी त्यात आपटलोय. तिथे वजन ट्रॉय औंसात असतं, एक औंस ३१.१ ग्रॅम, किराणा मालाचा २८.३५ वाला नाही. माझी दोन वर्षांची वही त्या चुकीने वाया गेली. २० औंस म्हणजे ६२२ ग्रॅम, आपल्या जुन्या तोळ्यात ५३ च्या आसपास. घरात पंचम जॉर्जचा रुपया असेल तर तोच वजन म्हणून वापरा, ११.६६ ग्रॅमचा असतो, बरोबर एक तोळा.

आता पानाचा डबा आणि गुलाबदाणी. इथे सरकारी शिक्के शोधू नका, इंग्रजांच्या काळातही हिंदुस्थानात इंग्लंडसारखी शिक्क्यांची सक्ती नव्हती, आपल्याकडे चांदीचं सरकारी हॉलमार्किंग २००५ मध्ये आलं. इथे कामाची धाटणी बघायची. कच्छचं काम म्हणजे वेलबुट्टी इतकी दाट की बोट ठेवायला जागा नाही, आत मध्येच हरिण नाहीतर पक्षी डोकावतो. मद्रासकडे देवांच्या आकृती उठावात, त्याला ते 'स्वामी' म्हणतात. लखनौकडे ताडाची झाडं आणि शिकार, काश्मीरला शालीवरचीच नक्षी. असे प्रत्येकाचे चाळीस-पन्नास फोटो ओळीने बघितले की डोळ्याला आपोआप कळतं. भुजचे चांदीकारागीर उमरसी मावजी यांचा स्वतःचा 'ओ एम' शिक्का एवढा प्रसिद्ध आहे की तो दिसला की मी आधी संशय घेतो, मग आनंद.

गुलाबदाणीची मान बघा, जिथे ती पोटाला बसते तिथे बोट फिरवा. मी कॅटलॉगमध्ये दुरुस्तीचे उल्लेख मोजत गेलो तेव्हा लक्षात आलं की मान, बिजागरी आणि बुडाची कड याच तीन जागा पुन्हा पुन्हा येतात. करड्या रंगाची ओबडधोबड झाळ दिसली तर कोणीतरी शिशाने जोडलंय.

पण आपल्याकडच्या वस्तूंबद्दल कॅटलॉग जवळजवळ मुका आहे. सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांच्या हासळ्या, कडी, रुपयांचे हार मी छापील पानावर फार क्वचित पाहिले, दिसलेच तर खाली 'वेस्टर्न इंडिया' एवढंच. त्यासाठी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात धडगावकडे चक्कर मारा, नाहीतर सराफ्यात मोडीत आलेला माल आटण्याआधी बघू द्या म्हणा. चांदी चढली की जुनं सगळ्यात आधी मुशीत जातं, म्हणून लवकर.

राहिली किंमत. जुन्या कॅटलॉगमध्ये कधी भावांचा वेगळा कागद असतो, तो नुसत्या हातोड्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा, भाव असू शकतो. क्रिस्टीज आणि सदबीजने घेणाऱ्याकडून वरचं कमिशन १९७५ पासून सुरू केलं, आता वेबसाइटवर बहुधा ते धरूनच आकडा दिसतो, त्यामुळे जुना आणि नवा भाव सरळ शेजारी ठेवू नका. आणि कॅटलॉगमध्ये निवडक मालच येतो, तुमचा डबा आणि त्या पानावरचा डबा भाऊ-भाऊ दिसले तरी एक राजवाड्यातून आलेला असतो. विकायचं मनात असेल तर मोडीचा भाव ही जमीन समजा, त्याच्या वर किती ते बघू. परदेशातल्या भाच्याच्या बॅगेत मात्र देऊ नका, १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत.

म्हणून नवे महागडे कॅटलॉग मागवू नका, मोठ्या लिलाववाल्यांच्या वेबसाइटवर जुने निकाल फुकट दिसतात, महिनाभर ते झाका-उघडा. तोवर तिन्ही वस्तू दिवाळीच्या पॉलिशला देऊ नका. किटलीच्या तळाचा, डब्याच्या बिजागरीचा आणि गुलाबदाणीच्या मानेचा असे तीन फोटो टाका, फ्लॅश बंद, खिडकीशी तिरप्या उजेडात, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळेल.